कोटा टेबलाला द्यावा: विंडोज सर्व्हरमधल्या एफएसआरएमचा कॉलेजच्या ऑफिसातला अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सीनियर कॉलेज आहे. ऑफिसात सर्व्हर एकच आणि सगळ्यांचं सगळं त्याच्यावर. प्रवेशाच्या याद्या, शिष्यवृत्तीचे कागद, परीक्षेची बैठकव्यवस्था, सेवापुस्तकांचे स्कॅन, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिरांचे फोटो. मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते आणि सर्व्हरही माझ्याकडेच आहे. त्याच्यावरच्या जागेला शिस्त लावायला आम्ही विंडोज सर्व्हर २०१९ मधलं फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर वापरतो. लांबलचक नाव आहे, सगळे एफएसआरएमच म्हणतात. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत, पतसंस्थांत, जिनिंगच्या ऑफिसांत हा सर्व्हर बऱ्याच ठिकाणी असतो, पण हे साधन त्यात आहे हे ठाऊक नसल्यामुळे ते बंदच पडून राहतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. जागा वाटून देण्याच्या कामात हे साधन पक्कं आहे, वेगळे पैसे लागत नाहीत आणि एकदा नीट लावलं की रोज बघावं लागत नाही. सूचना पाठवण्याची बाजू मात्र लंगडी आहे. तिच्यावर काय केलं ते पुढे येईलच.

जागा भरते कशाने, हे कॉलेजात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. नॅकला पुरावा म्हणून जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो लागतात. रासेयोचं विशेष शिबिर सात दिवसांचं, शिबिराच्या गावी प्रत्येक प्राध्यापकाच्या हातात फोन, आणि फोनमधला एकेक फोटो चार-पाच एमबीचा. तोच फोटो रासेयोच्या फोल्डरमध्ये जातो, विभागाच्या जातो, गुणवत्ता कक्षाच्या जातो, वार्षिकांकासाठी वेगळा ठेवला जातो आणि प्राचार्यांना दाखवायला म्हणून डेस्कटॉपवरही राहतो. पूर्वी हे सगळं ‘कॉमन’ नावाच्या एकाच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडायचं. डिस्क भरली की ज्याने भरली त्याचं काम आधीच झालेलं असायचं. अडायचं फी काउंटर. पावतीची नोंद सेव्ह होत नाही, आणि खिडकीबाहेर खेड्यांतून पहिल्या एसटीने आलेली पोरं उभी. एकाच्या व्हिडिओंमुळे दुसऱ्याची पावती अडायला नको, एवढ्यासाठीच मला कोटा, म्हणजे जागेला ठरवून दिलेली मर्यादा, हवा होता.

विंडोजमध्ये दोन वेगवेगळे कोटे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक जुना, विंडोज २००० पासून एनटीएफएससोबत (डिस्कवर फायली मांडायची विंडोजची पद्धत) आलेला. ड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जो ‘कोटा’ टॅब दिसतो, तो हा. तो पूर्ण ड्राइव्हला लागतो आणि फाइलचा मालक कोण यावर हिशेब धरतो. आमच्यासारख्या ऑफिसात हा हिशेब जुळतच नाही. शिष्यवृत्तीच्या दिवसांत एका कॉम्प्युटरवर सकाळी ज्याने लॉगिन केलं, त्याच्याच नावावर संध्याकाळपर्यंत तिघंजण काम करतात. सगळ्यांच्या फायली त्या एकाच्या खात्यावर चढतात. शिवाय या कोट्याची सूचना फक्त सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, उमटते, आणि तो लॉग ऑफिसात माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

दुसरा कोटा एफएसआरएमचा. हा विंडोज सर्व्हर २००३ आर२ पासून आहे. तो फोल्डरला लागतो. त्या फोल्डरमध्ये कोणीही काहीही टाकलं तरी मोजणी फोल्डरचीच. मोजतोही डिस्कवर खरोखर व्यापलेली जागा. जुना कोटा फाइल कॉम्प्रेस केलेली असली तरी तिचा मूळ आकारच धरतो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. सरकारी किंवा अनुदानित ऑफिसात काम माणसाचं नसतं, टेबलाचं असतं. आस्थापना टेबल, लेखा टेबल, शिष्यवृत्ती टेबल, परीक्षा टेबल. बाबू निवृत्त होतात, टेबलं बदलतात, पण फाइल त्या टेबलाचीच राहते. म्हणून मी कोटाही टेबलालाच दिला. मोठे फोल्डर टेबलांच्या नावाचे, त्यांना काम पाहून जागा. माणसाच्या नावाचा फोल्डर लहान, त्याच्या स्वतःच्या कच्च्या कामापुरता. नवा बाबू आला की त्या टेबलाच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव टाकायचं आणि जुन्याचं काढायचं. ना फाइल हलवावी लागते, ना कोटा बदलावा लागतो. ही रचना एफएसआरएममुळेच जमते, कारण त्याला माणसाशी घेणंदेणं नाही, फोल्डरशी आहे.

माणसांचे स्वतःचे फोल्डर करायचं काम अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची लॉगिन खाती सांभाळणारी सर्व्हरवरची व्यवस्था) करते. युजरच्या प्रोफाइल टॅबमध्ये होम फोल्डरचा रकाना असतो. तिथे एच ड्राइव्ह निवडायचा, सर्व्हरवरच्या शेअरचा पत्ता द्यायचा आणि शेवटी दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये युजरनेम हा इंग्रजी शब्द लिहायचा. त्याच्या जागी युजरचं लॉगिन नाव आपोआप येतं, फोल्डर तयार होतो आणि त्याला स्वतःच्या फोल्डरची परवानगीही मिळते. मग एफएसआरएममध्ये वरच्या मुख्य फोल्डरवर ‘ऑटो अप्लाय’ कोटा लावून ठेवायचा. आत जो नवा फोल्डर होईल त्याला ठरलेली मर्यादा आपसूक लागते. जूनमध्ये तासिका तत्त्वावरचे नवे प्राध्यापक येतात, तेव्हा मला फक्त त्यांचं खातं उघडावं लागतं.

शेअरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस बेस्ड एन्युमरेशन हाही पर्याय चालू करा. ज्याला परवानगी नाही त्याला तो फोल्डर दिसतच नाही. “हा परीक्षेचा फोल्डर माझ्याकडे का उघडत नाही?” ही रोजची विचारणा थांबते. आणि एक खाचखळगा आधीच माहीत असू द्या: एकाच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कट करून नेली, तर ती जुन्या जागेची परवानगी सोबत घेऊन जाते. ‘कॉमन’मध्ये आणून ठेवलेली फाइल इतरांना उघडत नसेल तर बहुधा हेच झालेलं असतं. कॉपी केली तर नव्या जागेची परवानगी लागते.

आता हार्ड आणि सॉफ्ट. सॉफ्ट कोटा नुसतं मोजतो आणि कळवतो, अडवत नाही. हार्ड कोटा भरला की पुढचं लिहिणं बंद. बसवायचा तर आधी सगळीकडे सॉफ्टच लावा आणि प्रवेश ते परीक्षा असा एक हंगाम जाऊ द्या. कोणतं टेबल खरंच किती जागा खातं, हे अंदाजाने कळत नाही. मला वाटायचं लेखा टेबल मोठं असेल. ते अगदी लहान निघालं, एक्सेलच्या फायली त्या किती असणार! स्कॅन करणारी टेबलं मोठी निघाली, आस्थापना सगळ्यात जास्त, कारण सेवापुस्तकाचं प्रत्येक पान रंगीत आणि जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन केलेलं. स्कॅनरची सेटिंग बदलल्यावर त्यांचा प्रश्न कोट्याशिवायच मिटला. सॉफ्ट कोट्याने एवढं दाखवून दिलं तरी त्याचं काम झालं.

हार्ड कोटा लावताना फोल्डर आधीच मर्यादेपेक्षा मोठा असेल तर आतलं काही पुसलं जात नाही, फक्त नवं जात नाही. हे ऑफिसात सगळ्यांना आधी सांगावं लागतं. नाहीतर “मॅडमने कोटा लावला आणि फायली गेल्या” अशी बातमी चहाच्या टपरीपर्यंत पोचते.

हार्ड कोट्यातली खरी अडचण मोठ्या बाबूंच्या टेबलावर दिसली. वार्षिक गुणवत्ता अहवालाची वर्डची फाइल होती, फोटो लावून लावून बरीच जड झालेली.

“मॅडम, सेव्हच नाही होऊन राह्यलं. डिस्क फुल आहे म्हणते. आतनी पाहा, जागा तं दिसून राह्यली!”

जागा दिसत होती हे खरंच. पण वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलवर सरळ लिहीत नाही. आधी त्याच फोल्डरमध्ये पूर्ण नवी तात्पुरती फाइल तयार करतो आणि मग नावं बदलतो. म्हणजे तीस एमबीची फाइल सेव्ह करायला तेवढ्या क्षणापुरती आणखी तीस एमबी मोकळी लागते. एक्सेलचंही तसंच आहे. फोल्डरमध्ये वीसच एमबी उरली असेल तर त्या फाइलमधला एक शब्द बदललेलाही सेव्ह होत नाही. अशा वेळी वर्ड बंद करायचं नाही. फाइल तात्पुरती डेस्कटॉपवर सेव्ह अ‍ॅज करायची, मग फोल्डर मोकळा करायचा. मी तर तिथल्या तिथे सर्व्हरवरून कोटा थोडा वाढवून दिला. बदल लगेच लागू होतो, युजरला लॉगआउटसुद्धा करावं लागत नाही. टेम्प्लेट, म्हणजे कोट्याचा तयार साचा, बदलली तर त्यातून निघालेल्या सगळ्या कोट्यांना तो बदल लावायचा का, हेही विचारलं जातं; मोठ्या ऑफिसाला ही सोय फार उपयोगी आहे.

म्हणूनच माझा सगळा भर मर्यादेवर नाही, आधीच्या इशाऱ्यावर आहे. शंभर टक्क्यांना माणूस अडला तर कोटा फसला असंच मी धरते. एफएसआरएमच्या तयार टेम्प्लेटमध्ये ८५, ९५ आणि १०० टक्के असे टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर चार गोष्टी करता येतात: मेल पाठवणं, इव्हेंट लॉगमध्ये नोंद, एखादा कमांड चालवणं आणि अहवाल काढणं. कागदावर उत्तम. पण मेलच्या सेटिंगमध्ये एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरचं नाव आणि पत्ते टाकायला जागा आहे, युजरनेम-पासवर्ड टाकायला जागाच नाही. मोठ्या कंपनीत स्वतःचा मेल सर्व्हर असतो, तिथे भागत असेल. आमच्याकडे सगळं जीमेलवर, आणि जीमेल ओळख पटवल्याशिवाय मेल घेत नाही. मधे मेल पुढे पोचवणारा एखादा रिले सर्व्हर बसवता येतो, पण तालुक्याच्या ठिकाणी तो सांभाळणार कोण? मुळात आमच्या ऑफिसात मेल दिवसातून एकदा बघतात, तोही विद्यापीठाचं परिपत्रक आलं का एवढंच पाहायला.

मग कमांडचा रस्ता धरला. ८५ टक्क्यांच्या टप्प्यावर एक छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजला द्यायच्या आज्ञांची फाइल) चालते. एफएसआरएम तिला भरत आलेल्या फोल्डरचा पत्ता देतं, आणि ती त्याच फोल्डरमध्ये सगळ्यात वर दिसेल अशा नावाची एक मजकुराची फाइल ठेवते. आत साध्या मराठीत लिहिलेलं असतं: या फोल्डरची जागा भरत आली आहे, जुने स्कॅन आणि दुहेरी फोटो काढावेत, अडचण असल्यास प्रयोगशाळेत सांगावं. बाबू फोल्डर उघडतात तो दिवसभर उघडतात. मेल चुकेल, ही फाइल चुकत नाही. असं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. सर्व्हरसोबत येणारी पॉवरशेल ५.१ ही स्क्रिप्टमधला देवनागरी मजकूर तेव्हाच नीट वाचते, जेव्हा स्क्रिप्ट यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आणि बीओएमसह, म्हणजे सुरुवातीला त्या संकेताची खूण ठेवून, जतन केलेली असते. नाहीतर सूचनेत नुसती अगम्य चिन्हं येतात. नोटपॅडच्या सेव्ह अ‍ॅज खिडकीत एन्कोडिंग निवडता येतं, तेवढं बघून घ्या.

दुसरा इशारा विंडोज स्वतःच देतं आणि तो मला फार आवडतो. कोटा लावलेला फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेला असला की ‘धिस पीसी’मध्ये त्याची एकूण जागा म्हणून कोट्याचा आकडा दिसतो, पूर्ण डिस्कचा नाही. भरत आला की निळी पट्टी लाल होते. आमच्या शिपाईभाऊंनाही आता ती पट्टी कळते. “मॅडम, परीक्षा विभागाची लाइन लाल झाली,” म्हणून तेच येऊन सांगतात.

अहवालांबद्दल लिहायलाच हवं, कारण हे मला या साधनातलं सगळ्यात मोलाचं अंग वाटतं. मोठ्या फायली, दुहेरी फायली, बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या फायली, मालकानुसार फायली, असे अहवाल रात्री आपोआप निघतात आणि सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर स्टोरेज रिपोर्ट्सच्या फोल्डरमध्ये जमा होतात. मी मोठ्या फायलींच्या अहवालाची प्रिंट काढते आणि त्या त्या टेबलावर ठेवते. तोंडी सांगितलं की “माझ्याकडे काही जास्त नाही” असं उत्तर मिळतं. कागदावर फाइलचं नाव, आकार आणि तारीख दिसली की माणूस स्वतःच म्हणतो, “हे तं काढून टाका, काही कामाचं नाही.” स्नेहसंमेलनाचं तासन्‌तासांचं चित्रीकरण असंच परीक्षा टेबलाच्या फोल्डरमधून निघालं. कोणी, केव्हा ठेवलं ते विचारायची गरजही पडली नाही.

दुहेरी फायलींच्या अहवालावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. तो फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळते का एवढंच पाहतो. एकच फोटो पेनड्राइव्हने चार फोल्डरांत गेला असेल तर सापडतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवला असेल तर आकारही बदललेला आणि वेळही, मग तो अहवालात येत नाही. आमच्याकडे निम्मे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्याच वाटेने येतात. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की जिओटॅगची माहिती गळून पडते, म्हणजे फोटोवरच ठिकाण छापलेलं नसेल तर पुरावा म्हणून तो कामाचाही राहत नाही. हे कळल्यापासून रासेयोचे मूळ फोटो थेट केबलने एकाच फोल्डरमध्ये उतरवून घेतो, इतर विभागांना वाचण्यापुरती परवानगी देतो, आणि प्रती आपोआप कमी होतात. त्या फोल्डरला मी सढळ हाताने जागा दिली आहे. शिबिरात पोरांनी केलेला वनराई बंधारा, शोषखड्डे, गावातलं सर्वेक्षण, हे काम पुन्हा होत नसतं. त्याचे फोटो जागेच्या काटकसरीपायी जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

फाइल स्क्रीनिंग म्हणून एक भाग आहे. ठरावीक प्रकारच्या फायली फोल्डरमध्ये ठेवूच देत नाही. ऑफिसच्या टेबलांवर मी व्हिडिओ आणि ईएक्सई फायली बंद केल्या, रासेयो आणि सांस्कृतिक विभागाला अपवाद दिला. ते फाइलच्या नावातलं शेवटचं विस्तारनाम पाहतं, आत डोकावत नाही, त्यामुळे नाव बदलून कोणी ठेवलं तर जातं. चुकून येणारा पसारा थांबवायला पुरेसं आहे, व्हायरसपासून राखण म्हणून त्याच्याकडे पाहू नका.

जागा करायला सांगितलं की लोक पुसतात, आणि घाईत भलतंच पुसतात. नेटवर्कवरच्या फोल्डरमधली फाइल पुसली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून कोटा लावण्याआधी शॅडो कॉपी चालू करा. ड्राइव्हच्या जुन्या स्थितीच्या जास्तीत जास्त ६४ प्रती त्यात राहतात, फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रीव्हिअस व्हर्जन्स’मधून फाइल परत काढता येते, आणि या प्रती त्या फोल्डरच्या कोट्यात धरल्या जात नाहीत. अर्थात त्या त्याच डिस्कवर असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो, ऑफिसात कुलरची दमट हवा, जूनच्या सुरुवातीला विजांचा कडकडाट, आणि लाइन केव्हा जाईल याचा भरवसा नाही. बाहेरच्या डिस्कवर वेगळा बॅकअप घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवणं याला पर्याय नाही. सर्व्हरसमोरून कुलर हटवून तिथे एसी बसवून घ्यायला मी प्राचार्यांकडे अर्ज दिला होता. तो मंजूर झाला याचा मला कोट्याइतकाच आनंद आहे.

खर्चाचं सांगायचं तर एफएसआरएमला वेगळं लायसन्स नाही. सर्व्हर मॅनेजरमध्ये फाइल सर्व्हिसेसच्या खाली ते टिक करून बसवावं लागतं, मूळ इन्स्टॉलेशनमध्ये चालू नसतं. ड्राइव्ह एनटीएफएसच हवा, आरईएफएस या दुसऱ्या पद्धतीच्या ड्राइव्हवर चालत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्ड असेल तर युजरमागे किंवा मशीनमागे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचे परवाने, घ्यावे लागतात, कोटेशनमध्ये ते धरलेत का हे विचारून घ्या. कमी दराच्या कोटेशनमधून हीच ओळ गायब असते. शैक्षणिक संस्थांना लायसन्सचा दर वेगळा आहे, तोही मागा. २०१९ च्या आवृत्तीला जानेवारी २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे चालू असलेला सर्व्हर बदलायची घाई नाही.

ज्यांच्याकडे सर्व्हरच नाही, पाच-सात मशीनचं ऑफिस आहे, त्यांनी फक्त कोट्यासाठी विंडोज सर्व्हर घेऊ नये. सिनॉलॉजीसारखी नॅसची, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या डिस्कची, पेटी त्यांना पुरते. तिच्यात होम फोल्डर आणि कोटा ब्राउझरमधूनच लावता येतात, आणि मेलच्या सूचनेसाठी जीमेलचं खातं सरळ जोडता येतं. लिनक्स जाणणारा माणूस गावात असेल तर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) आणि लिनक्सचा कोटा फुकटात होतो. त्यातली सवलतीची मुदत मला एफएसआरएममध्येही हवी होती. सॉफ्ट मर्यादा ओलांडली की लगेच अडवत नाही, ठरलेले दिवस देतं, मूळ सेटिंगमध्ये सात, आणि तेवढ्यात जागा केली नाही तरच बंद करतं. प्रवेशाच्या गर्दीत बाबूंना असा आठवडा मिळाला असता तर मला वरचेवर सर्व्हरवर जाऊन कोटा वाढवून द्यावा लागला नसता.